खोकला नक्की कधी लागला

"पक्षी वगैरे पाळता का, काका?" छातीच्या डॉक्टरबेनने विचारलं आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा एकदम खुलला.

त्याआधी दहा मिनिटं हे नुसतं 'नाही, नाही' म्हणत होते. विडी? नाही. तंबाखू? नाही. घरात ओल, भिंतीला बुरशी? नाही. कूलर? उन्हाळ्यात दोन महिने. शेतीचं काम? लहानपणी, गावाकडे. आणि मग हा प्रश्न आला. हे खुर्चीत सरसावून बसले, श्वास गोळा केला आणि सांगायला लागले. पाळत नाही हो बेन, पण गच्चीवर रोज कबुतरं येतात. साठ-सत्तर तरी असतील. एक लंगडं आहे, ते थेट माझ्या पायाशी येऊन टिपतं. एक तपकिरी मादी आहे, ती दोन वर्षं आमच्या टाकीखालीच अंडी घालते आहे. बोलणं गुजरातीत चाललं होतं. हे सुरतेत चाळीस वर्षं राहिलेले, त्यामुळे गुजराती अगदी सफाईदार. मध्ये मध्ये खोकत होते, पण सांगायचे थांबत नव्हते. त्यांना वाटलं, बेन आपुलकीने चौकशी करते आहे.

मी बेनच्या चेहऱ्याकडे बघत होते. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. एखादं मूल मोठ्या उत्साहाने चुकीचं उत्तर देत असतं तेव्हा आपला चेहरा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. बेनचा चेहरा तसा झाला होता.

आम्ही मूळचे खानदेशातले. हे शिरपूरकडचे, मी अमळनेरची. हे एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले आणि कतारगामच्या एका खात्यात लागले. लूम्सच्या कारखान्याला इकडे सगळे खातंच म्हणतात. आधी हरकाम्या, मग वार्पिंगवर, म्हणजे हजारो धागे एका मोठ्या रुळावर शेजारी शेजारी गुंडाळायच्या कामावर, आणि शेवटची पंधरा वर्षं त्याच विभागाचे मास्टर. आम्ही आधी लिंबायतला भाड्याने राहिलो, मग डिंडोलीत छोटं घर घेतलं, आणि मुलगी नोकरीला लागल्यावर वरचा मजला चढवला. तेव्हा कुठे ह्यांना स्वतःची गच्ची मिळाली.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी हे ज्वारीची पिशवी घेऊन वर गेले. त्यांच्या खात्याजवळ एक जुना चबुतरा होता, खांबावर बांधलेलं पाखरांचं घर. सुरतेत आल्या आल्या, ओळखीचं कोणी नव्हतं तेव्हा, हे कामावर जाण्याआधी तिथे उभे राहायचे. लोक मूठमूठ दाणे टाकून पुढे जायचे. ह्यांच्याकडे टाकायला काही नसायचं, नुसते बघायचे. "आपली गच्ची झाली की आपण टाकू," असं मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाले होते. आठ वर्षं एक दिवस न चुकता टाकले. मी बाजरी निवडायला बसले की मला म्हणायचे, "मास्तरीणबाई, किडकी फेकू नको, वर दे." मला ते मास्तरीणबाईच म्हणायचे. घरात बरेचदा अहिराणी बोलायचे आणि मी मराठीत उत्तर द्यायचे. असाच आमचा संसार चालला.

खोकला आधी साधा होता. गल्लीतल्या डॉक्टरने सिरप दिलं, मग दुसरं सिरप दिलं. मग टीबीची शंका आली. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "काही नही वं, धूळ शे." धूळच असेल असं मलाही वाटायचं. पण गच्चीचा जिना चढून गेल्यावर ते टाकीला टेकून उभे राहायला लागले. एका रविवारी मुलगी कामरेजहून आली होती. तिने ते बघितलं आणि त्याच आठवड्यात ह्यांना या छातीच्या डॉक्टरबेनकडे घेऊन आली.

बेन वयाने आमच्या मुलीएवढीच. तिने छातीच्या स्कॅनची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि बोट ठेवून दाखवलं. "इथे फुप्फुस जून झालंय, काका. जखम भरल्यावर कातडी कशी राठ होते, तसं. राठ झालेलं पुन्हा मऊ होत नाही. पुढचं राठ होऊ नये, एवढं आपण बघायचं."

"कशाने झालं हे?" मी विचारलं.

"तेच मला नक्की सांगता येत नाहीये, मासी." तिने खुर्ची आमच्याकडे वळवली. "कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काही लोकांच्या फुप्फुसाला सोसत नाही. त्याने असं होऊ शकतं. खात्यातल्या धुळीनेही होत असेल. कापसाच्या धुळीचं आम्हाला पुष्कळ माहीत आहे, पण तुमच्या सुरतेच्या या पॉलिस्टर-नायलॉनच्या बारीक तंतूंबद्दल मला छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. आणि तिसरं म्हणजे, काहीच कारण नसताना होणारा एक आजार आहे. म्हणजे कारण असेलच, पण आम्हाला ते सापडलेलं नाही. फिल्मवर तिन्ही बरेचसे सारखे दिसतात."

"मग आता?"

ती म्हणाली, छातीत छोटं भोक पाडून फुप्फुसाचा तुकडा काढायचा आणि तपासायचा. त्यातून कळण्याची शक्यता आहे, पण कळेलच असं नाही. आणि ह्यांचा श्वास आधीच कमी आहे, त्यामुळे त्या शस्त्रक्रियेतही धोका आहे. निर्णय आमचा.

आम्ही घरी येऊन दोन दिवस विचार केला. मुलगी म्हणाली, करू या, निदान कळेल तरी. हे म्हणाले, तू सांगशील तसं. मी 'नको' म्हणाले. मला तो धोका दिसत होता. न कळण्यातही धोका असतो हे तेव्हा मला दिसलं नाही. बेनने त्याऐवजी रक्ताची एक तपासणी केली. ती कबुतरांसाठी 'हो' अशी आली. मी म्हटलं, म्हणजे कळलं तर. ती म्हणाली, "नाही मासी. या रक्तावरून एवढंच कळतं की काका कबुतरांच्या संगतीत होते. ते तर त्यांनीच मला सांगितलं. कित्येकांच्या रक्तात हे येतं आणि ते ठणठणीत असतात." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "पण कबुतरं बंद करावी लागतील, काका. आजपासून."

हे रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उद्यापासून म्हणाली असती तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरं आली. आम्ही खाली चहा घेत होतो आणि वर जिन्याच्या पत्र्यावर त्यांच्या पायांचा आवाज येत होता, पाऊस सुरू व्हायच्या आधी चार थेंब वाजतात तसा. हे कप हातात धरून वर बघत होते.

"त्या वाट दखी राहिनात," म्हणाले.

"जातील दोन दिवसांत," मी म्हटलं.

दोन दिवसांत गेली नाहीत. पंधरा दिवस येत होती, रोज थोडी कमी. मुलीने माणूस बोलावून गच्चीला हिरवी जाळी बसवून घेतली. टाकीखालचं घरटं त्याच माणसाने काढलं. त्यात अंडी होती का हे ह्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. घर फिनाईलने धुऊन काढलं, गाद्या उन्हात टाकल्या, कूलर विकून टाकला. मी सगळं अगदी मन लावून केलं. शाळा सुटल्यापासून, म्हणजे निवृत्त झाल्यापासून, माझ्या हाताला असं नेमकं काम मिळालं नव्हतं.

आमच्या शेजारी एक गुजराती आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे. ते अजूनही रोज त्यांच्या ओट्यावर दाणे टाकतात. आमची पाखरं त्यांच्याकडे गेली. ते एकदा ह्यांना बघायला आले आणि म्हणाले, "पन्नास वर्षं टाकतोय भाई, मला साधी सर्दी नाही. या डॉक्टरांना काय कळतं!" हे हसले. आजोबा गेल्यावर माझ्याकडे बघत राहिले. मीच न विचारता म्हटलं, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं." वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की मी असंच काहीतरी सांगायचे.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चेहरा सुजला, भूक वाढली, चिडचिडही वाढली. पण तीन महिन्यांनी बेनकडच्या त्या फुंकायच्या मशीनवर आकडा आधीपेक्षा चांगला आला. बेनच्या तोंडावर पहिल्यांदा हसू बघितलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं डुमस रोडपर्यंत बसने गेलो, भजी खाल्ली. हे वाटेत एकदाही खोकले नाहीत. मला वाटलं, सुटलो. कबुतरंच होती तर. जाळी बसवली ते बरंच झालं.

पुढच्या तपासणीला आकडा खाली आला. त्याच्या पुढच्या तपासणीला आणखी खाली.

त्या दिवशी ह्यांनी बेनला सरळच विचारलं. "बेन, मधे बरं वाटलं ते कशामुळे? गोळ्यांमुळे की कबुतरं बंद केली म्हणून?"

"मला माहीत नाही, काका. दोन्ही गोष्टी आपण एकाच दिवशी केल्या. आणि हा आजार कधी कधी आपला आपण काही महिने थांबतो, मग पुन्हा चालायला लागतो. तसंही असेल."

"मग परत सुरू केली तर? थोडेसे दाणे, लांबून?"

मला वाटलं ती 'नाही' म्हणून टाकेल. ती म्हणाली, "माझ्या वडिलांना हा आजार असता तर मी त्यांनाही बंदच ठेवायला सांगितलं असतं. पण ते बरोबर होतं असं मी त्यांना कधी सिद्ध करून दाखवू शकले नसते."

बाहेर आल्यावर ह्यांनी मला म्हटलं, "खरं बोलली पोरगी." त्यांना ती तेव्हापासून आवडायला लागली. मला मात्र तिचा राग आला होता. मला कोणीतरी ठाम बोलणारं माणूस हवं होतं. मी मुलीला सांगून दुसऱ्या दोन डॉक्टरांकडेही कागद पाठवले. एकाने 'शंभर टक्के कबुतर' म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कबुतरांचा काही संबंध नाही, हा कारण नसलेलाच आजार आहे, गोळ्या उगाच दिल्या, असं सांगितलं. दोघंही अगदी ठाम होते.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी बैठकीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची. तेवढंच ह्यांचं जग उरलं. एका सकाळी मी दूध घेऊन आले तर खुर्ची रिकामी, नळी जमिनीवर, मशीन आपलं चालूच. मी धावत जिना चढले. हे वरच्या पायरीवर बसले होते, ओठ निळे पडलेले, जाळीचा एक कोपरा वर उचललेला आणि मुठीत ज्वारी. पलीकडे कठड्यावर दोनच कबुतरं होती.

मी ओरडले. "मरायचंय का तुम्हाला? आम्ही एवढं करतोय ते कशासाठी?" असं आणि आणखी पुष्कळ. शेजारचे आजोबाही त्यांच्या गच्चीवर येऊन बघायला लागले. ह्यांनी मूठ उघडली आणि दाणे माझ्या हातात दिले. बोलायला श्वास नव्हता. मी त्यांना धरून एकेक पायरी खाली आणलं. हातातले दाणे मी कुठे ठेवले ते मला आठवत नाही.

ते पुन्हा कधी वर गेले नाहीत. पुढच्या आठ महिन्यांत त्यांनी तो विषयही काढला नाही. पण सकाळी खुर्ची खिडकीजवळ सरकवून मागायचे. तिथून शेजारच्या ओट्याची कड दिसायची.

शेवटच्या महिन्यात बेन मला बाजूला घेऊन म्हणाली की आता औषधं फक्त त्रास कमी करण्यासाठी. म्हणजे काय ते मला समजलं. घरी आल्यावर मी ह्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "अहो, चला, उद्या आपण वर जाऊ. मुलगी आणि मी धरतो. जाळी काढून टाकू. आता काय फरक पडणार आहे?"

त्यांनी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा नाकातली नळी नीट करून, थांबत थांबत म्हणाले, "नको. माले काही व्हयनं, ते तू जलमभर सोताले बोल लावशी."

मला काही झालं तर तू जन्मभर स्वतःला दोष देत बसशील. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. मी त्यांच्या पायांना तेल लावायला घेतलं.

होळीच्या चार दिवस आधी, सकाळी, हॉस्पिटलमध्ये ते गेले. मुलगी आणि मी दोघी जवळ होतो. कागदावर आजाराचं लांबलचक नाव होतं आणि त्यातल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ मुलीने मला सांगितला. कारण अज्ञात.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी एकटीच बेनकडे गेले. भांडायला नाही. घरात त्यांची फाईल होती, ती टाकवत नव्हती आणि बघवत नव्हती. मी तिला विचारलं, "तेव्हा तो तुकडा काढून तपासला असता तर?"

"कदाचित कळलं असतं," ती म्हणाली. "कदाचित त्या टेबलावरच काही बरंवाईट झालं असतं आणि तुम्ही मला आज वेगळा प्रश्न विचारला असता. मासी, मी काकांची फिल्म अजून कधी कधी काढून बघते."

मग तिनेच मला एक काम सांगितलं. तिच्याकडे खात्यातून आलेले असे पुष्कळ जण येतात. कोण कुठल्या विभागात होता, किती वर्षं, कुठल्या धाग्यावर, हे कोणी कधी नीट लिहूनच ठेवलेलं नाही. गावी परत गेले की त्यांचं पुढे काय झालं तेही कळत नाही. तिने आता स्वतः लिहायला सुरुवात केली होती. "काकांचं सगळं लिहून द्याल? अगदी पहिल्यापासून. तुम्ही शिक्षिका, तुम्ही नीट लिहाल."

मी घरी आले, शाईचं पेन काढलं, फुलस्केप कागद घेतले आणि बसले. गाव, जन्म, सुरतेत आले ते वय, हे सगळं भराभर झालं. 'कामाचं स्वरूप' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मला माहीतच नव्हतं. चौतीस वर्षं मी त्यांचा डबा भरला आणि ते दिवसभर कुठल्या खोलीत उभे असतात, तिथे खिडकी आहे का, हवा कशी आहे, हे मी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. ते घरी येऊन खात्यातलं फारसं सांगायचे नाहीत. मला वह्या तपासायच्या असायच्या, मीही विचारायचे नाही. त्या कागदासमोर बसून मला त्यांची जेवढी आठवण आली तेवढी तेराव्यालाही आली नव्हती. त्यांना शेजारी बसवून एकेक गोष्ट विचारावी, सकाळी आत शिरल्यापासून संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत, आणि त्यांनी खोकत का होईना सगळं सांगावं, असं वाटत राहिलं.

शेवटी मी कतारगामला गेले. खातं तिथेच होतं, शेठ बदलला होता. ह्यांच्या हाताखाली काम केलेले दोघं अजून होते, दोघंही आमच्याच भागातले. मी आलेली बघून त्यांनी मशीनं दुसऱ्यांवर सोपवली आणि मला वार्पिंगच्या खोलीत नेलं. लांबट खोली, वरती एक झरोका. चौकटीवर धाग्याचे शेकडो कोन लावलेले आणि त्यांच्यावरून सुटलेले धागे समोरच्या रुळाकडे धावत होते, इतके बारीक की तिरप्या उजेडातच दिसायचे. आवाजामुळे बोलणं ऐकू येत नव्हतं. हे ज्या ठिकाणी उभे राहायचे ती जागा त्या दोघांनी बोटाने दाखवली. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. हातावर काहीतरी बसल्यासारखं वाटलं, बघितलं तर पांढरी लव होती.

बाहेर चहाच्या टपरीवर मी कागद काढला आणि विचारलं, "त्यांना खोकला कधीपासून होता, आठवतं?"

"मास्टर तर केव्हाचे खोकायचे, वहिनी," त्यातला थोरला म्हणाला. "वॉटरजेटची मशीनं आली ना, त्याच्याही आधीपासून."

मी कप टपरीच्या फळीवर ठेवला. वॉटरजेटची मशीनं, म्हणजे पाण्याच्या धारेवर विणणारे लूम, खात्यात आली तेव्हा आमचा वरचा मजला झालाच नव्हता. गच्ची नव्हती. कबुतरं नव्हती.

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हणजे... तोंडाला रुमाल बांधायचे ते. मला आठवतं ना."

धाकट्याने मान हलवली. "नाही रे. रुमाल तर ते पहिल्यापासून बांधायचे. खोकला वॉटरजेट आल्यावर लागला. खाली सगळं पाणी, ओल्यात ये-जा करून त्यांना सर्दी झाली होती. तो खोकला वेगळा. तो बरा झाला होता."

"बरा कुठे झाला होता?"

"झाला होता. मधे दोन वर्षं काही नव्हतं."

दोघं बराच वेळ वाद घालत राहिले. कोणाचं लग्न कुठल्या वर्षी, कोण तेव्हा गावी गेला होता, कोणतं मशीन आधी आलं. दोघांनाही मला मदत करायची होती आणि दोघंही मधून मधून माझ्याकडे बघत होते, मला कोणतं उत्तर हवं आहे ते हुडकत. मला कोणतं हवं होतं? थोरल्याचं खरं असेल तर कबुतरं निर्दोष होती आणि मी शेवटची दोन वर्षं ह्यांच्याकडून त्यांची सकाळ फुकट हिरावून घेतली. धाकट्याचं खरं असेल तर मी केलं ते बरोबर असण्याची निदान शक्यता उरत होती. मी शाळेत गणित शिकवायचे. यातून मला कुठलंच उत्तर काढता येत नव्हतं.

मी कागदावर दोघांचंही लिहिलं. एकाखाली एक.

दोन आठवड्यांनी ती सात पानं घेऊन मी बेनकडे गेले. तिने समोर बसून सगळी वाचली. ज्या जागा मला भरता आल्या नव्हत्या तिथे मी 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "या जागा अशाच राहिल्या. अंदाजाने भरू का?" ती म्हणाली, "नको. तशाच राहू द्या." मग तिने विचारलं, "ते घरी आल्यावर त्यांचे कपडे कोण झटकायचं?"

"मीच. मागच्या दारी. धुताना पाण्यावर लवेचा थर यायचा."

"आणि गच्ची कोण झाडायचं?"

"मीच."

तिने पानं खाली ठेवली. "मासी, तुम्ही तपासून घेतलंय का कधी?"

तिने मला त्याच मशीनसमोर बसवलं, नाकाला चिमटा लावला, म्हणाली जोरात फुंका, आणखी, आणखी, आणखी. तीनदा फुंकलं. मग छातीचा फोटो काढला. मी बाकावर बसून वाट बघत होते. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मी मुलीला सांगितलेलं नाही. काहीतरी निघावं, असं मला वाटत होतं. थोडंसं, एखादी छोटीशी रेघ. तीच धूळ, तीच पाखरं, तेच घर. माझ्यात काही निघालं तर त्यांच्याबद्दल काही कळेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं म्हणजे मला त्यांच्या बरोबरीने काहीतरी हवं होतं.

"तुमची फुप्फुसं एकदम स्वच्छ आहेत," बेन म्हणाली. "वयाच्या मानाने फार छान."

"मग त्यांनाच का झालं?"

"माहीत नाही, मासी."

यावेळी मला तिचा राग आला नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने उठून मला दारापर्यंत सोडलं.

तिचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी जिन्याने उतरायला लागले. पहिल्या वळणावर येऊन मी कठड्याला हात लावून थांबले. दम लागला नव्हता. जिना उतरताना दर वळणावर थांबायचं, वर बघायचं, ते येईपर्यंत काहीतरी साधं बोलत राहायचं, म्हणजे आपण त्यांच्यासाठी थांबलोय असं त्यांना वाटू नये, ही दोन वर्षांची सवय. मी वर बघितलं. वरून एक बाई लहान मुलीला घेऊन उतरत होत्या. त्यांना जागा द्यायला मी भिंतीला टेकले. त्या पुढे गेल्या. मग मी आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, आणि उरलेला जिना न थांबता उतरले.